कर्टन वॉल गळतेय? सिलिकॉन गन उचलण्याआधी या चुका टाळा

कर्टन वॉल म्हणजे इमारतीला बाहेरून लावलेली काच-ॲल्युमिनियमची भिंत; ती इमारतीचा भार घेत नाही. स्वतःचं वजन पेलायचं आणि वाऱ्याचा दाब ब्रॅकेटमार्फत स्लॅबला द्यायचा, एवढंच तिचं काम. पाण्याच्या बाबतीत मात्र तिचा हिशेब वेगळा आहे, आणि बहुतेक चुका तो न कळल्यामुळे होतात. बाहेरच्या गॅस्केटमधून (काचेभोवतीच्या रबरी पट्टीतून) थोडं पाणी शिरणार, हे धरूनच ही भिंत बनवलेली असते. ते पाणी काचेच्या कडेभोवतीच्या पोकळीत उतरतं, ट्रान्समच्या (आडव्या दांड्याच्या) खोबणीत जमतं आणि वीप होलमधून (पाणी निघायला ठेवलेल्या भोकांतून) बाहेर पडतं. त्याच भोकांतून हवाही पोकळीत जाते, त्यामुळे पोकळीतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ राहतो आणि वाऱ्याला पाणी आत रेटता येत नाही. हवा अडवणारं सील आतल्या बाजूला असतं.

वीप होल बुजवणं

गळती दिसली की बाहेरून प्रत्येक फटीवर सिलिकॉन मारलं जातं, त्यात ही भोकंही बंद होतात. मग पोकळीत पाणी तुंबतं आणि आतून उतरतं. डबल ग्लेझिंगची कड सतत भिजत राहिली की तिचं सील सुटतं, दोन काचांमध्ये धुकं धरतं, आणि ते पुसता येत नाही; काचच बदलावी लागते. म्हणून आधी कव्हर कॅप (बाहेरची झाकणपट्टी) काढा, भोकं मोकळी करा आणि खोबणीत थोडं पाणी ओतून ते बाहेर येतं का बघा. येत नसेल तर सेटिंग ब्लॉकने (काच ज्यावर टेकते त्या ठोकळ्याने) वाट अडवली आहे का, हेही तपासा.

डाग दिसतो तिथेच दुरुस्ती करणं

पाणी मुलियनच्या (उभ्या दांड्याच्या) आतून मजला-दोन मजले खाली उतरून भलतीकडेच दिसू शकतं. त्यामुळे तपासणी खालून वर करा; वरून सुरुवात केली तर ओघळ खालचे सगळे जोड भिजवतो आणि दोषी जोड कळत नाही. आमा (AAMA) ५०१.२ या अमेरिकन मानकाच्या होज (पाण्याच्या नळीच्या) चाचणीत ठरावीक नोझल भिंतीपासून ३०० मिमीवर धरतात, ३० ते ३५ पीएसआय दाबाने साधारण १.५ मीटर जोडावर ५ मिनिटं पाणी मारतात, आणि आत एकजण टॉर्च घेऊन उभा असतो. उघडणाऱ्या खिडक्यांसाठी ही चाचणी नाही. स्टिक सिस्टिममध्ये (दांडे साइटवर एकेक करून जोडलेल्या भिंतीत) संशय पहिला मुलियन-ट्रान्समच्या जोडावर घ्या: तिथला एंड डॅम (ट्रान्समच्या टोकाला पाणी अडवणारा तुकडा) बसवलाच नसेल किंवा त्याचं सील अर्धवट असेल, तर ट्रान्समचं पाणी थेट आत जातं.

भिंतीला हलायला जागा न ठेवणं

तापमान १०० अंश सेल्सियसने बदललं तर ॲल्युमिनियम मीटरमागे सुमारे २.३ मिमी वाढतं. म्हणजे ३.६ मीटरचा मुलियन ५० अंशांच्या फरकाने ४ मिमीच्या वर सरकतो. स्लॅबचं वाकणं वेगळंच. म्हणून एक ब्रॅकेट वजन घेणारा, पक्का. दुसरा फक्त वाऱ्याचा, लांबट भोकाचा आणि नायलॉन वॉशरवर सरकणारा. ओळंबा साधल्यावर दोन्ही ब्रॅकेट वेल्ड केले किंवा स्प्लाइसमधली (वरच्या-खालच्या मुलियनच्या जोडातली) फट घट्ट भरली, तर उन्हात टकटक आवाज येतो, मुलियन बाक धरतो आणि शेवटी काच कडेपासून तडकते.

काच आणि गॅस्केट

सेटिंग ब्लॉक दोन, रुंदीच्या पाव-पाव अंतरावर: १२०० मिमी काचेला दोन्ही टोकांपासून ३०० मिमीवर. कडकपणा ८० ते ९० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप). ब्लॉक आतल्या-बाहेरच्या दोन्ही काचांखाली पुरला पाहिजे. लाकडाचा तुकडा किंवा उरलेलं गॅस्केट चालत नाही. गॅस्केट ताणून बसवू नका. ते नंतर आखडतं आणि कोपरे उघडे पडतात. थोडं जास्त लांब कापा, आधी दोन्ही कोपरे बसवा, मग मध्याकडे दाबत या.

काच फ्रेमला चिकटवून धरणाऱ्या स्ट्रक्चरल सिलिकॉनमध्ये हयगय झाली तर काचच सुटते. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. नाहीतर विरघळलेला मळ तिथेच पुन्हा बसतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरूच नका. चिकटरुंदी (सिलिकॉन काचेला चिकटतं ती रुंदी) अंदाजाने ठरवू नये: छोटी बाजू १.२ मीटर, वाऱ्याचा दाब २ किलोपास्कल आणि डिझाइन ताण १३८ किलोपास्कल असेल तर किमान ८.७ मिमी लागते.

स्लॅबच्या कडेची फट

स्लॅब आणि भिंतीमधली फट फोमने भरणं ही सगळ्यात घातक चूक. आगीत फोम जळतो आणि धूर-ज्वाळा वरच्या मजल्यावर चढतात. तिथे दाबून बसवलेली मिनरल वूल (खनिज तंतूंची लोकर) आणि तिच्यावर स्मोक सील (धूर अडवणारा थर), अशी चाचणी झालेली पूर्ण सिस्टिमच हवी. आतलं पॅनेल लागल्यावर हे काम दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर पॅनेल लावण्याआधी जोडाजोडाने तपासा आणि फोटो काढून ठेवा.