बारशाआधीचा जन्मदाखला: कॅन्सरच्या औषधाचं पेटंट शोधताना

बी.फार्म करून नागपुरात बर्डीवरच्या एका छोट्या ऑफिसात पेटंट शोधाच्या कामाला लागले, तेव्हा वाटायचं, औषधाचं नाव टाकायचं, तारीख बघायची, झालं. सरावासाठी मॅडमनी जुनंच औषध दिलं: सोराफेनिब, यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरची गोळी. भारतीय पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या फुकट साइटवर शीर्षकाच्या रकान्यात आधी ब्रँडचं नाव 'नेक्साव्हर' टाकलं, मग 'सोराफेनिब'. मूळ पेटंट काही हाती लागेना. मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं. 'भारतात पेटंट आढळत नाही' असं लिहून मी मोकळी झाले.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "बारशाच्या आधी काढलेल्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव कुठून येईल वं?"

अर्ज होतो तेव्हा रेणूला नाव नसतंच. सोराफेनिबला ते बनवणाऱ्या बायर कंपनीत बे 43-9006 म्हणायचे, आणि पेटंटाच्या शीर्षकात असतं डायफिनाइल युरिया वगैरे. म्हणून शोध रसायनाच्या बाजूने घ्यायचा. औषध नवं असेल तर अमेरिकेच्या ऑरेंज बुकमधून, म्हणजे तिथल्या मंजूर औषधांच्या सरकारी यादीतून, तिथला पेटंट नंबर काढायचा आणि एस्पासनेट या जगभरच्या पेटंटांच्या साइटवर त्याचं 'कुटुंब', म्हणजे त्याच शोधाचे देशोदेशीचे अर्ज, बघत भारतीय भावंडापर्यंत यायचं. ऑरेंज बुकमधल्या तारखा मात्र अमेरिकेच्या, त्या इथे चालत नाहीत. शिवाय अँटिबॉडीची इंजेक्शनं त्यात नसतात, त्यांच्यासाठी पर्पल बुक ही वेगळी यादी. सोराफेनिबचा नंबर मला शेवटी 2012 च्या अनिवार्य परवान्याच्या (पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणाऱ्या परवान्याच्या) आदेशात सापडला: 215758. बायरच्या या औषधाचा महिन्याचा खर्च 2,80,428 रुपये होता. परवाना मिळालेल्या नॅटको या भारतीय कंपनीला तो 8,800 च्या वर नेता येणार नव्हता. असे आदेश कंटाळवाणे वाटतात, पण वाचा. एका आदेशात मला दहा शोधांचं काम मिळालं.

नंबर मिळाल्यावर पुन्हा फसले. पेटंट मंजूर झालं 3 मार्च 2008 ला. मी त्यात वीस मिळवले आणि 2028 लिहिलं. वीस वर्षं मंजुरीपासून नव्हे, अर्जापासून मोजतात, आणि अर्ज आंतरराष्ट्रीय असेल तर त्या आंतरराष्ट्रीय तारखेपासून. ती होती 12 जानेवारी 2000. म्हणजे मुदत जानेवारी 2020 लाच संपली. जेनेरिक बनवणाऱ्याला मी आठ वर्षं बसवून ठेवलं असतं!

मुदत शिल्लक असली तरी पेटंट कार्यालयाचं ई-रजिस्टर उघडून नूतनीकरणाची फी भरली आहे का, ते बघायचं. फी थकली की पेटंट गळतं.

आणि 'औषधाचं पेटंट संपलं' असं कधीच लिहू नका. मूळ रेणू, क्षार, स्फटिकरूप, प्रत्येकाचा अर्ज वेगळा असू शकतो. ग्लिव्हेक या ब्लड कॅन्सरच्या औषधाच्या स्फटिकरूपाला 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) खाली (जुन्याच पदार्थाचं नवं रूप जास्त गुणकारी नसेल तर पेटंट नाही) नकार दिला, पण म्हणून प्रत्येक दुय्यम अर्ज पडतोच असं नाही.

आपल्या नागपुरात राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथल्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवा. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा तंत्रशाखेची पदवी चालते, वकिली लागत नाही.

आता माझ्या रिपोर्टात निष्कर्षाआधी एक पान असतं: कोणकोणत्या नावांनी शोधलं, कुठे, कोणत्या तारखेला. मॅडम आधी तेच पान उघडतात.