व्हॉट्सॲप-मॅट्रिक्स ब्रिज लावायचाय? आधी फोनचं बघा

वाडीतली मोठी माणसं व्हॉट्सॲपवर, मुंबई-पुण्याकडची पोरं मॅट्रिक्सवर (स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी चॅटची व्यवस्था), आणि दोघांना एकाच ग्रुपात बोलतं करायचंय. त्यासाठी आपल्या सर्व्हरवर सिनॅप्स, म्हणजे मॅट्रिक्सचा सर्व्हर चालवणारा प्रोग्राम, आणि त्याला जोडून मॉट्रिक्स-व्हॉट्सॲप हा ब्रिज, म्हणजे इकडचे मेसेज तिकडे नेणारा प्रोग्राम. गणपतीला चाकरमानी यायच्या आत हे चालू हवं असेल तर मे महिन्यातच बसा. पाऊस लागला की लाइट आणि नेट, दोन्हींचा भरवसा नाही.

सगळ्यात आधी फोन. ब्रिज हा तुमच्या व्हॉट्सॲप खात्याला जोडलेलं आणखी एक उपकरण म्हणून चालतो, वेबवर व्हॉट्सॲप उघडतो तसंच. मूळ फोनवर 14 दिवस व्हॉट्सॲप वापरलंच नाही, तर जोडलेली सगळी उपकरणं आपोआप लॉगआउट होतात. मग सर्व्हर कितीही ठणठणीत असो, ब्रिज मेला. आमचा मागच्या वेळचा ब्रिज असाच गेला: सर्व्हर चालू, फोन गावच्या घरात कपाटात, घराला कुलूप. परत जोडायचं तर फोन हातात लागतो. क्यूआर कोडचा फोटो काढून गावी पाठवून भागत नाही, कारण तो कोड काही सेकंदांत बदलतो. नंबर देऊन लॉगिन केलं की आठ अक्षरांचा कोड मिळतो, तो कॉलवर सांगता येतो. पण तोही त्या फोनवर टाकायला कुणीतरी घरात लागतंच.

म्हणून माणूस ठरवा. ‘कुणीतरी बघेल’ चालणार नाही. बाजाराच्या दिवशी फोन चार्ज करायचा, नेट चालू करायचं, व्हॉट्सॲप उघडून मिनिटभर थांबायचं, एवढंच काम, पण दर आठवड्याला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी 14 दिवस कधी सरतात कळत नाही. पॉवर बँक भरून ठेवा. सिमचं रिचार्ज संपू देऊ नका. आणि हा नंबर आईचा रोजचा नको: व्हॉट्सॲपला असले बाहेरचे क्लायंट मान्य नाहीत, नंबर बंद होण्याचा धोका राहतोच.

सर्व्हर घरी की भाड्याने? घरी ठेवणार असाल तर नुसता कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेऊन उपयोग नाही, फायबरचा डबा आणि राउटरही त्यावर हवेत. शिवाय घरगुती कनेक्शनला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. मग बाहेरून कुणी तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही. माझं मत विचाराल तर सरळ छोटा व्हीपीएस, म्हणजे कंपनीकडचा भाड्याचा सर्व्हर, घ्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडं मशीन चालवत बसण्यापेक्षा ते परवडतं.

डोमेन आधी घ्या आणि नाव विचार करून ठेवा. सिनॅप्समध्ये सर्व्हरनेम, म्हणजे हेच डोमेनचं नाव, एकदा दिलं की नंतर बदलता येत नाही, सगळं नव्याने मांडावं लागतं. डेटाबेस पोस्टग्रेस, त्याचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) ‘सी’. एसक्यूलाइटवर (एका फाइलीतला साधा डेटाबेस) सुरुवात करून मग हलवू, असा विचार करू नका.

आता रजिस्ट्रेशन फाइल, म्हणजे सिनॅप्सला ब्रिजची ओळख पटवणारी फाइल. ब्रिज ती तयार करतो, तिच्यात दोन टोकन (पासवर्डसारखे गुप्त शब्द) असतात, आणि सिनॅप्सच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, ती फाइल कुठे ठेवलीय ते द्यावं लागतं. दिल्यावर सिनॅप्स रीस्टार्ट करा. फाइल नव्याने बनवली तर टोकन बदलतात, तेव्हा दोन्हीकडे तीच फाइल आहे ना ते बघा. डॉकर वापरत असाल, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या वेगळ्या कंटेनरमध्ये चालत असेल, तर सिनॅप्स आणि ब्रिजच्या एकमेकांच्या नेटवर्क पत्त्यात लोकलहोस्ट लिहू नका. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, तिथे डॉकरमधलं त्या दुसऱ्या सर्व्हिसचं नाव हवं. निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

ब्रिजच्या कॉन्फिगमधल्या परवानग्यांत स्वतःला ॲडमिन करा. मॅट्रिक्सवरच्या ज्यांनी स्वतःचं व्हॉट्सॲप जोडलेलं नाही त्यांना वाचता येईल, पण त्यांचं बोलणं पलीकडे जाणार नाही. त्यासाठी कॉन्फिगमध्ये रिले (त्यांचे मेसेज तुमच्या खात्यातून पाठवायची सोय) चालू करून त्या रूममध्ये, म्हणजे मॅट्रिक्सवरच्या ग्रुपात, सेट-रिले ही आज्ञा द्यावी लागते. ही पोरं व्हॉट्सॲपवर तुमच्याच नंबरावरून बोलताना दिसतील, मेसेजच्या सुरुवातीला त्यांचं नाव लागेल. काकांना हे आधी समजावून सांगा.

आणि ग्रुपला विचारा, विचारल्याशिवाय जोडू नका. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन ब्रिजपाशी उघडतं. म्हणजे आजवर फक्त ग्रुपातल्या फोनांवर असलेले मेसेज, घरच्या भांडणांपासून जमिनीच्या कागदांच्या फोटोंपर्यंत, तुमच्या सर्व्हरवर येतात. ज्याला नको असेल त्याचं ऐका.

ब्रिजच्या बॉटची, म्हणजे ब्रिजच्या सूचना पाठवणाऱ्या आपोआप चालणाऱ्या खात्याची, रूम म्यूट करू नका. फोन बारा दिवस दिसला नाही की सूचना तिथेच येते, आणि मग हातात दोनच दिवस उरतात. फोन उघडणारा माणूस लग्नाला, वारीला जाणार असेल तर दुसरा नेमून ठेवा. हे पुन्हा सांगतोय कारण बाकी सगळं दूर बसून दुरुस्त करता येतं, फोन नाही.

उरलेलं भराभर. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत), सायनिंग की (सिनॅप्सची सही करायची गुप्त किल्ली), सिनॅप्स आणि ब्रिज दोन्हींचे कॉन्फिग आणि रजिस्ट्रेशन फाइल, यांचा बॅकअप दुसऱ्या जागी. फोटो-व्हिडिओंनी डिस्क भरते, मीडिया किती दिवस ठेवायचा ते ठरवा. अपडेट करण्याआधी बदलांची नोंद वाचा. शेवटी दोन्ही बाजूंनी एक मेसेज, एक फोटो, एक व्हॉइस नोट पाठवून बघा, मग सर्व्हर बंद करून चालू करा आणि तेच पुन्हा पाठवा. सगळं आपोआप उठलं तरच वाडीच्या ग्रुपला जोडा.