मशरूम घालून पोटभरीची बार्ली

बार्ली म्हणजे जव, पॉलिश केलेले घ्या, ते भिजवायची गरज नाही, नुसते धुवून निथळून ठेवा. एक कप बार्लीला साधारण पाव किलो मशरूम, आणि जास्त असले तरी चालतील, कारण शिजल्यावर ते एवढेसे होतात.

खरी गंमत मशरूम परतण्यात आहे. कढई चांगली तापू द्या, थोडं तेल, आणि सगळे मशरूम एकदम ओतू नका हो, दोन-तीन वेळा थोडेथोडे टाका, नाहीतर त्यांना पाणी सुटतं आणि ते परतायच्या ऐवजी उकडत बसतात. सारखं हलवायचंही नाही. मीठ शेवटी. कडा तपकिरी झाल्या की काढून ठेवा.

त्याच कढईत कांदा, लसूण, मग बार्ली दोन मिनिटं परता, तीन कप गरम पाणी, मीठ, झाकण, मंद आच. ३५-४० मिनिटं लागतात, दाणा मऊ पण चावताना जरा लागला पाहिजे. पाणी आटलं तर अजून घाला. मशरूम परत टाका, मिरपूड, लोण्याचा गोळा, वरून लिंबू. मी तर चीजही किसतो.

उरलेलं दुसऱ्या दिवशी घट्ट होतं, गरम करताना पाणी शिंपडा.