थंडीतली घरघर : लस बदलण्याआधी विषाणूचा प्रकार तपासा

थंडी वाढली की कोंबड्यांच्या शेडचे पडदे दिवसरात्र बंद होतात, अमोनिया साचतो आणि रात्री दिवे मालवल्यावर पक्ष्यांची घरघर ऐकू येते. लस तर वेळेवर दिली होती! इन्फेक्शियस ब्राँकायटिस, म्हणजे आयबी या श्वसनाच्या आजाराच्या बाबतीत, लगेच लसीला दोष देऊ नका.

आयबीचा विषाणू कोरोना कुळातला. (नावाने दचकू नका, हा कोंबड्यांचा आजार आहे.) त्याच्या पृष्ठभागावरच्या काट्याचा (स्पाइक प्रथिनाचा) एस१ हा भाग घडवणारं जनुक सतत बदलतं. शिवाय एकाच पक्ष्यात दोन प्रकार शिरले, तर त्यांच्यात जनुकांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यामुळे नुसती मॅसॅच्युसेट्स प्रकारची लस ४/९१ किंवा क्यूएक्स प्रकाराला पुरी पडेलच असं नाही. एस१चा जनुकीय क्रम वाचला की शेडमध्ये नेमका कोणता प्रकार फिरतोय ते कळतं.

पण त्यासाठी नमुना वेळेत हवा. घरघर सुरू झाल्यापासून पहिल्या आठवड्यातच श्वासनलिकेचे स्वॅब घ्या. उशीर झाला, तर तिथला विषाणू कमी झालेला असतो. मग नुकत्याच मेलेल्या पक्ष्यांची मूत्रपिंडं आणि सीकल टॉन्सिल (आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांच्या तोंडाशी असलेल्या गाठी) बर्फात ठेवून पाठवावी लागतात. मूत्रपिंडं सुजलेली, फिकट, पांढऱ्या युरेटच्या (युरिक आम्लाच्या क्षारांच्या) रेषा असलेली दिसली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खरा घोळ होतो तो पुढे. जिवंत लस दिल्यावर काही आठवडे तपासणीत लसीचाच विषाणू सापडू शकतो. म्हणून नमुन्यासोबत लसीचं नाव, दिल्याची तारीख आणि पक्ष्यांच्या लॉटचं वय लिहून द्या. नुसत्या ‘आयबी पॉझिटिव्ह’ अहवालावर माझ्या मते काहीच ठरवू नये. क्रमवाचन मागून घ्या.

प्रकार कळल्यावर लस डॉक्टरांशी बोलूनच बदला. दोन वेगळ्या प्रकारच्या लसी मिळून संरक्षण बरंच रुंदावतं. पण परिसरात नसलेल्या प्रकाराची जिवंत लस ‘असू द्यावी’ म्हणून आणणं म्हणजे नवा विषाणू स्वतःच शेडमध्ये सोडणं.

लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी पिल्लांकडे जास्त लक्ष द्यावं. पहिल्या दोन आठवड्यांत आयबी झाली, तर बीजवाहिनी कायमची बिघडू शकते. अशी कोंबडी पुढे धडधाकट दिसते, खाद्य खाते, पण अंडं देत नाही.

अहवाल येईपर्यंत पडदे वरून थोडे उघडे ठेवा, ओलं लिटर (जमिनीवरचा तूस-भुसा) काढा. शेडमध्ये वाकल्यावर तुमचे डोळे चुरचुरत असतील, तर पक्ष्यांच्या श्वासनलिकेला अमोनियाचा त्रास आधीच सुरू झालेला असतो.