ओळखीतून आलेली केस: गोव्यात समुपदेशन सुरू करणाऱ्यांसाठी

एम.ए. झाल्यावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावायची नसते, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, हे तुम्हाला ठाऊक असणारच. त्यावर वेळ घालवत नाही. मला ज्याने खरं जेरीस आणलं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

गोवा लहान. म्हापशात बसलं की पेडण्याची बाई येते ती तुमच्या आत्याच्या जावेची भाची निघते. नव्याने बसलेल्याला आधी बरंच वाटतं, पेशंट आपणहून येतायत. मग 'घरचेच ना' म्हणून फी मागायला जड जातं. आठवड्याने आत्याचा फोन येतो, "काय म्हणते गो आमची पोर? लग्नाचं काय बोलली?" तुम्ही काही सांगत नाही, आत्या रुसते. पण खरं नुकसान पुढे होतं. त्या मुलीला घरी कळतं की आत्याने फोन केला होता. पुढच्या वेळी ती येते, नीट बसते, सगळं छान चाललंय म्हणते आणि मग येतच नाही. तुमच्या तोंडून एक शब्द गेलेला नसतो, तरी विश्वास गेलेला असतो. माझ्याकडून अशी माणसं सुटली आहेत आणि ती पुन्हा कुणाकडे गेली असतील का, हा प्रश्न अजून छळतो.

म्हणून पहिल्याच भेटीत, आणणारा नातेवाईक समोर असतानाच, मी स्पष्ट बोलते. इथलं इथेच राहील. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 23 प्रमाणे गोपनीयता हा तिचा हक्क आहे. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, तर अपवाद. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवावंच लागतं. हे ऐकून नातेवाईकाचा चेहरा पडतो. पडू दे. बाहेरचंही तेव्हाच ठरवून टाकते: शुक्रवारच्या बाजारात दिसलीस तर मी आधी हाक मारणार नाही, तू बोललीस तर बोलेन. जवळच्या नात्यातली केस सरळ दुसऱ्याकडे पाठवते. फी सगळ्यांना तीच, ज्याला परवडत नाही त्याला कमी, पण नात्यावरून नाही.

या कामात मी आले ती आईमुळे. सत्तरीतल्या आमच्या घरी तिचं डोकं वर्षानुवर्षं दुखत होतं. गोळ्या झाल्या, दृष्ट काढून झाली, देवळात कौल लावून झाला. तिची झोप उडाली होती, हे विचारलं कुणीच नाही. शेवटी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत नैराश्याचं निदान झालं, औषधं सुरू झाली आणि ती सावरली. म्हणून अंगदुखी घेऊन आलेल्या बाईला मी आधी झोप आणि भूक विचारते. कौल लावू नका असं मी कुणाला सांगत नाही; औषध बंद करू नका, एवढंच सांगते.

आता शॉर्टकट. शनिवार-रविवारचा हिप्नोथेरपीचा, म्हणजे संमोहन उपचाराचा, कोर्स करून सोमवारी दुकान उघडणाऱ्यांचा मला राग येतो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा, संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या गोव्याच्या पाद्रीचा, पुतळा आहे, बाईवर हात रोखून उभा. 1756 साली कांदोळीत जन्मलेल्या या माणसाचं म्हणणं पुतळ्याच्या उलट होतं: ताकद संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, झोपणाऱ्याच्या मनात असते. कोर्सवाल्यांनी निदान तेवढं तरी शिकवावं.

पदवी कमी पडते म्हणून खचू मात्र नका. 1996 साली गोव्यातच सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून 6 ते 8 भेटींत नैराश्याच्या रुग्णांना मदत होते, हे चाचणी घेऊन दाखवलं. त्या समुपदेशकांच्या कामावर देखरेख होती, हे विसरू नका. नाव मोठं असलेला गुरू शोधण्यापेक्षा दर आठवड्याला तुमची केस तासभर ऐकणारा शोधा, आणि तोही शक्यतो तुमच्या तालुक्याबाहेरचा. गावातल्याच माणसाकडे केस मांडलीत तर नाव न घेताही तो ओळखतो. आणि तुमचा फोन बंद असेल त्या रात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी लिहून द्या.