थंडी लवकर येणार का? निसर्गाच्या खुणा वाचताना या चुका टाळा

सप्टेंबर सरत आला की इंदूरच्या आसपास शेताच्या बांधावर एकच चर्चा असते: यंदा थंडी लवकर दिसतेय. सिरपूर तलावावर बदकं आहेत, भिंतीवरच्या पाली कमी झाल्या, सकाळी गवत भिजलेलं असतं. आणि एवढ्या भरवशावर कुणी हरभरा पेरून मोकळा होतो, कुणी बटाट्याचं बेणं कापायला घेतो. या खुणा खोट्या नाहीत. मात्र खूण पटली की आधी एवढं बघा, ती कशामुळे घडते? दिवस लहान झाल्याने, आजच्या गारव्याने, की पाणी आणि अन्नामुळे? हे न बघता अंदाज बांधला की फसगत होते.

घरच्या पक्ष्याला पाहुणा समजणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. सिरपूर किंवा यशवंत सागरवर चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी तांबडा ठिपका असलेलं बदक दिसलं, तर ते हळदी-कुंकू बदक. ते बारा महिने इथेच असतं. पाऊस संपल्यावर उघड्या पाण्यात जमतं म्हणून अचानक नजरेत भरतं, इतकंच.

धोबी पक्ष्याच्या बाबतीत आणखी नीट बघावं लागतं. पाण्याकाठी शेपटी वरखाली करत पळणारा, काळं डोकं, काळा गळा आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई असलेला मोठा धोबी इथलाच रहिवासी. हिवाळी पाहुणा म्हणजे पांढरा धोबी. त्याचं कपाळ आणि चेहरा पांढरा, पाठ राखाडी, आणि थंडीत गळा पांढरा होऊन छातीवर फक्त काळा पट्टा उरतो. दुर्बीण नसली तरी पाठीचा रंग पाहिला की निवाडा होतो: काळी पाठ घरची, राखाडी पाठ पाहुण्याची.

पाहुणा ओळखला तरी त्याच्या तारखेवरून इथल्या थंडीचा हिशेब लागत नाही. तो निघतो उत्तरेकडच्या आपल्या विणीच्या प्रदेशातून. तिथला दिवस लहान होतो, किडे कमी होतात, म्हणून निघतो. डिसेंबरात माळव्यात पारा किती उतरेल हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही. गुलाबी मैना, म्हणजे भोरडी, तर पश्चिम भारतात जुलै-ऑगस्टातच उतरू लागते. तिच्यावरून थंडी ठरवली तर भर श्रावणात स्वेटर काढावे लागतील.

कोरडेपणाला थंडी समजणं

चोरलकडच्या जंगलातला साग पानं टाकू लागला की लोक म्हणतात, थंडी जवळ आली. साग पानं टाकतो ते मुख्यतः जमिनीतली ओल आटल्यामुळे. पाऊस कमी झालेल्या वर्षी तो लवकर झडतो, आणि पुढचा हिवाळा सौम्यही निघू शकतो. कास गवत फुलतं तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो, एवढंच समजायचं.

दवाचं थोडं वेगळं आहे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि माती ओली असेल तर रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन दव पडतं. म्हणजे दव त्या एका रात्रीचं खरं सांगतं. परतीचा पाऊस चांगला झाला असेल तर ऑक्टोबरात गच्च दव पडतं आणि दुपारी ऊन तरीही चटका देतं.

पाली, साप, मुंग्या यांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं. त्या कमी दिसू लागल्या तर गारवा आलेला आहे, येणार आहे असं नव्हे. टिटवीच्या अंड्यांच्या संख्येवरून भाकीत करायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण ती पावसासाठी, आणि टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते.

केसाळ सुरवंटाच्या तपकिरी पट्ट्याच्या रुंदीवरून थंडी किती पडेल हे कळतं, असंही मोबाइलवर फिरतं. तो पट्टा तर अमेरिकेतल्या एका पतंगाच्या अळीचा. पट्ट्याची रुंदी अळीच्या वाढीवर आणि खाण्यावर ठरते. तो इथे लावूच नका.

दिवाळीशी तुलना

"मागच्या दिवाळीला गारठा होता, यंदा काहीच नाही" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २०-२१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला. अधिक महिन्यामुळे अडीच आठवड्यांहून जास्त फरक पडला. तिथीवरून थंडी लवकर की उशिरा हे कळत नाही. वहीत इंग्रजी तारीख लिहा.

मग पेरणी कशावर ठरवायची?

कमाल-किमान तापमापी घ्या. गच्चीच्या भिंतीला टांगू नका, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते आणि आकडा चढा येतो. शेतात, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळेल अशा पांढऱ्या खोक्यात, सावलीत ठेवा. किमान आकडा सूर्योदयानंतर लगेच नोंदवा. इंदूर शहरात राजवाड्याजवळच्या घरातला आकडा शेताला लावू नका, दाट वस्ती रात्री उबदार राहते.

कमाल आणि किमान मिळवून दोनने भागा, आणि सलग पाच दिवसांची सरासरी पाहा. एका गार रात्रीने हुरळून जाऊ नका. पावसाच्या सरीनंतर पारा उतरतो आणि आभाळ उघडल्यावर पुन्हा चढतो. गव्हाला ही सरासरी २० ते २२ अंशांवर आली की पेरा. त्याआधी पेरला तर फुटवे कमी येतात आणि ओंबी घाईने निघते. हरभरा गरम मातीत पडला तर मर रोग बळावतो. बटाट्याचं कापलेलं बेणं गरम ओल्या मातीत सडतं, आणि कंद धरायला रात्रीचा पारा २० अंशांच्या खाली लागतो.

पुढच्या आठवड्यांसाठी हवामान विभागाचा दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज बघा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली, हिमालयावरून सरकला, मागे उत्तरेचा वारा सुटला आणि आभाळ स्वच्छ राहिलं, की माळव्यात दोन-तीन दिवसांत थंडी उतरते. तेव्हा गव्हाचं बियाणं आणि पेरणीयंत्र तयार हवं.