अंगणातलं धोकादायक झाड: आधी बुंधा पाहा, मग माणूस बोलवा

झाड पडेल की नाही, हे बहुतेक लोक शेंड्याकडे पाहून ठरवतात. वर हिरवंगार दिसलं की झाड ठणठणीत. पण हिरवाईवरून एवढंच कळतं, की पाणी वर चढतंय. आणि पाणी चढतं ते सालीलगतच्या बाहेरच्या लाकडातून. आतला गाभा कुजला, आधार देणारी निम्मी मुळं तुटली, तरी गुलमोहर त्या वर्षीही भरभरून फुलू शकतो आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मुळासकट आडवाही होऊ शकतो. म्हणून तपासणी खालून सुरू करायची. इंदुरात तिची वेळ एप्रिल-मे, पावसाळा सुरू व्हायच्या आत.

त्याआधी एक प्रश्न सोडवून टाका: पडलं तर कशावर पडेल? झाडाची उंची काढायला सोपी युक्ती आहे. तुमच्या डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी राहील अशी हात लांब करून धरा. मुठीची वरची कड बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं वरचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरकत जा. जुळलं की तुम्ही उभे आहात तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. त्या अंतराच्या दीडपट वर्तुळात काय येतं ते पाहा. तुमचं किंवा शेजाऱ्यांचं छत, विजेच्या तारा, रोजची गाडी, मुलांचा झोका, फाटकासमोरचा रस्ता. काहीच येत नसेल तर वाळलेलं झाडसुद्धा उभं राहू द्यायला हरकत नाही. तांबट आणि पिंगळे अशाच खोडांच्या ढोलीत राहतात. गाडी किंवा झोका हलवून काम भागत असेल, तर तो उपाय झाड पाडण्यापेक्षा कधीही स्वस्त.

आता बुंधा. खोडाभोवतीचा पालापाचोळा, कुंड्या आणि भराव बाजूला करून मुळं जिथे खोडाला मिळतात ती जागा उघडी करा. फरशी किंवा काँक्रीट थेट खोडापर्यंत आलं असेल तर तीच पहिली खूण. खाली मुळं गुदमरत असतात आणि कूज झाकलेली राहते. चारी बाजूंनी एक मीटर तरी माती मोकळी हवी.

बुंध्यावर किंवा वर आलेल्या मुळांवर अळंबी आहे का ते बघा. तपकिरी, वरून वार्निश लावल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरट आणि लाकडासारखी टणक असेल, तर ती बहुधा गॅनोडर्मा, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी. गुलमोहर आणि पेल्टोफोरमवर (पिवळ्या गुलमोहरावर) ती सर्रास दिसते. पावसाळ्यात उगवते, उन्हाळ्यात तिचे वाळके तुकडे उरतात. तोडून टाकल्याने काही साधत नाही, कारण दिसतं ते फक्त फळ. बुरशी आत कित्येक वर्षं लाकूड खात बसलेली असते. खाली घर किंवा रस्ता असताना बुंध्यावर ही अळंबी असेल तर पुढची तपासणी स्वतः करत बसू नका, जाणकाराला बोलवा.

अळंबी नसेल तर लाकडी हातोड्याने खोड ठोकत एक फेरी मारा, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत. भरीव लाकूड टणक, आखूड आवाज देतं आणि पोकळ भाग घुमतो. सुटलेली सालही घुमते, त्यामुळे एका ठोक्यावर निकाल देऊ नका. ढोली असेल तर ६ मिलिमीटरची बोथट सळी आत घालून कूज किती खोल आहे ते पाहा. नुसत्या पोकळीने झाड पडत नाही, बाहेरची भिंत पातळ झाली की पडतं. ठोकताळा असा: शाबूत लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असावी. खोडाचा व्यास ६० सेंटीमीटर असेल तर त्रिज्या ३० आणि भिंत सगळीकडून सुमारे १० सेंटीमीटर. मात्र ढोलीचं तोंडच मोठं असेल, म्हणजे खोडाच्या घेराच्या तिसऱ्या हिश्श्याहून रुंद, तर हा हिशेब लावू नका. तशा खोडाची ताकद त्याहून कमी असते.

मुळांकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या, कारण शहरात झाडं मुख्यतः तिथेच मार खातात. रस्ता काँक्रीटचा झाला, नर्मदेच्या पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन टाकली, कुंपणभिंतीचा पाया खणला, प्रत्येक वेळी एका बाजूची मुळं कापली जातात. चर खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत गेला असेल, म्हणजे ५० सेंटीमीटरच्या खोडापासून दीड मीटरच्या आत, तर आधारमुळं तुटली असं धरून चाला. आणि परिणाम लगेच दिसत नाही. कापलेल्या टोकांतून कूज आत शिरते आणि झाड पडतं ते दोन-चार पावसाळ्यांनी, तोवर चर कुणाच्या लक्षातही नसतो. माळव्याच्या मातीने यात भर पडते. वर काळी माती, खाली मुरूम आणि बेसॉल्टचा खडक, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी मुळं खोल न जाता पसरतात. उन्हाळ्यात ही माती भेगाळते आणि सततच्या पावसात लोण्यासारखी मऊ होते. नेमकी तेव्हाच वाऱ्याची झोड येते.

कललेलं झाड पाहून घाबरण्याआधी कल जुना आहे की नवा ते ओळखा. वर्षानुवर्षं कललेलं झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ वळलेलं असतं. ते सहसा स्थिर असतं. खोड सरळच्या सरळ एका बाजूला झुकलंय, कलाच्या उलट बाजूची माती उचलली गेलीय किंवा तिच्यात अर्धवर्तुळाकार ताजी भेग आहे, वाऱ्यात जमीन हलताना दिसतेय, यांपैकी काहीही असलं तर त्या बाजूला कुणाला जाऊ देऊ नका आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा सगळीकडेच पडतात, हे खरं. पण त्या जाळीसारख्या असतात, खोडाभोवती कमानीसारख्या नसतात.

खोडाच्या वरच्या भागात मुख्यतः बेचकं पाहायचं. दोन सारख्या जाडीची खोडं अरुंद इंग्रजी व्ही आकारात मिळत असतील आणि मधे साल आत दबली असेल, तर जोड कच्चा असतो. बेचक्याखाली उभी चीर दोन्ही बाजूंनी दिसली तर फाटण्याची सुरुवात झालेली आहे. आंब्याच्या खोडाशी भुसा सांडत असेल आणि भोकं दिसत असतील, तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, लागलाय. वेळेत बंदोबस्त केला तर आंबा वाचतो, पण पोखरलेली जाड फांदी छतावर असेल तर ती उतरवायलाच हवी. सुबाभूळ आणि निलगिरीवर आमचा विश्वास कमीच: भराभर वाढतात, फटाफट मोडतात. रेन ट्रीसारख्या पसरट झाडाची मोठी फांदी तर वारा नसलेल्या कडक दुपारीही गळून पडू शकते, म्हणून तिच्याखाली गाडी लावायची सवय मोडा.

झाड वाळलं असं ठरवण्याचीही घाई नको. गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडाबोडका असतो, कडुनिंब आणि पिंपळही पानं झाडतात. नखाने कोवळ्या फांदीची साल खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर ती फांदी गेली. तीन-चार बाजूंच्या फांद्या पाहून मगच बोला.

स्वतः काय करावं? पाय जमिनीवर ठेवून, लांब दांड्याच्या करवतीने, मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या. त्यापलीकडे नको. वजनाचा अंदाज लोकांना येत नाही: ३० सेंटीमीटर व्यासाचा, ३ मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे २०० किलोचा भरतो. तो शिडीवर उभ्या माणसाकडे झुलत आला तर शिडी जाते आणि माणूसही. लहान फांदीसुद्धा तीन कापांत कापा. पहिला काप खोडापासून ३० सेंटीमीटरवर, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या ४-५ सेंटीमीटर पुढे, वरून. फांदी पडली की तिसरा काप: उरलेलं थोटूक तळाच्या फुगवट्याच्या लगेच बाहेर. खालचा काप चुकवला की फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. जखमेवर डांबर फासू नका, ओल आत कोंडते.

शिडी लागणार असेल, फांदी छतावर किंवा तारेवर असेल, आधीच मोडलेली फांदी वर अडकलेली असेल, झाड शेजाऱ्याकडे झुकलेलं असेल, तर काम जाणकाराचं. तारेपासून ३ मीटरच्या आत काही कापायचं असेल तर आधी वीज कंपनीला कळवून शटडाउन घ्या, म्हणजे तारेतला प्रवाह बंद करून घ्या; तक्रारीचा क्रमांक १९१२. तारेवर पडलेलं झाड जिवंत प्रवाहाचं समजा, ओली फांदी वीज वाहून नेते. वर आग्या माशांचं पोळं असेल तर मधवाल्याने ते काढल्याखेरीज कुणी दोरही टाकू नये.

सगळं झाड पाडायलाच हवं असंही नाही. दोष एका फांदीत असेल तर ती उतरवा. घेर मोठा आणि बुंधा चांगला असेल तर टोकाकडच्या फांद्या आखूड करून भार हलका करता येतो. ‘वरून सपाट उडवून द्या’ हा लोकप्रिय सल्ला मात्र टाळा. तुटल्या जागेवर झाडूसारखे फुटवे येतात, त्यांचा जोड वरवरचा असतो आणि चार-पाच वर्षांत तेच मोडू लागतात. पावसाळ्याआधी तारांसाठी एकाच बाजूने कापलेल्या झाडाचा भार दुसऱ्या बाजूला जातो. तो पुन्हा तोलून घ्यावा. बुंधा कुजलेला, आधारमुळं तुटलेली किंवा कल नवा, आणि खाली माणसांचा वावर, अशी जोडी जमली की छाटणीत पैसे घालवू नका.

झाड तुमच्या प्लॉटवर असलं तरी शहरात परवानगी लागते. मध्य प्रदेशात त्यासाठी वृक्षांच्या परिरक्षणाचा नागरी क्षेत्राचा २००१ चा कायदा आहे आणि परवानगी वृक्ष अधिकाऱ्याकडून मिळते. नगर निगमाच्या उद्यान विभागात अर्ज द्या. सोबत जागेची कागदपत्रं आणि फोटो: संपूर्ण झाड, बुंधा, दोषाचा जवळून फोटो त्यात मोजपट्टी धरून, आणि झाड व घर एकत्र दिसेल असा एक. ‘कचरा होतो’ या कारणावर कुणी लवकर हलत नाही. अळंबी, भेग, चर यांचे मोजमापासह फोटो असले की पाहणीला आलेल्या माणसालाही लिहायला सोपं जातं. बदल्यात झाडं लावायची अट येऊ शकते. शेजाऱ्याचं झाड असेल तर त्यांना तेच फोटो लावून लेखी द्या, तोंडी सांगणं पुढे कुणाला आठवत नाही. सागवान असेल तर लाकूड हलवण्याआधी वन विभागाच्या वाहतूक परवान्याचं विचारा.

माणूस निवडताना टालवाल्याच्या, म्हणजे लाकडाच्या वखारवाल्याच्या, ‘फुकट कापून देतो, लाकूड आमचं’ या बोलीला भुलू नका. त्याचा जीव ओंडक्यात असतो, तुमच्या छतात नाही. फांद्यांचा ढीग आणि फुटलेली कौलं तुमच्याकडे राहतात. विचारायचं ते असं: वर चढणाऱ्याला सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट आहे का, फांद्या दोराने उतरवणार की सोडून देणार, खाली दोर धरायला निदान एक वेगळा माणूस आहे का, मजुरांचा विमा आहे का, आणि फांद्या उचलण्यासह दर किती. हे लेखी घ्या. घरांच्या दाटीत झाड एकदम आडवं पाडत नाहीत, शेंड्याकडून तुकड्या-तुकड्याने उतरवतात. ‘जेसीबीने ढकलून देऊ’ म्हणणाऱ्याला परत पाठवा: कुजलेलं खोड मधेच मोडून यंत्रावरच येतं, आणि मुळांबरोबर पाण्याची लाइनही उपटली जाते.

खुंट भिंतीजवळ असेल तर उपटू नका, जमिनीलगत कापून तिथेच कुजू द्या. सुबाभूळ आणि निलगिरी खुंटातून पुन्हा फुटतात. फुटवे कोवळे असतानाच खुडत राहा. काळ्या मातीत आणखी एक गोष्ट आधीच पाहायला हवी. मोठं झाड आसपासची माती सुकवून ठेवतं. ते गेलं की माती दर पावसाळ्यात ओल धरून फुगू लागते. घर झाडाआधीचं असेल तर चिंता कमी. झाड घराच्या आधीपासूनचं आणि पायाला खेटून असेल, तर पाया सुकलेल्या मातीवर बसलेला आहे, आणि झाड गेल्यावर फरशी उचलली जाऊन भिंतींना तिरप्या चिरा पडू शकतात. अशा वेळी पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवा, असलेल्या चिरांवर तारीख लिहून ठेवा आणि छताचं पाणी त्या कोपऱ्यापासून पाइपाने दूर काढा.